स्कूपचं गणित

इंजिनिअरिंगला आलं की दोनच गोष्टी लागतात : एक तर केटी, नाहीतर जिमचं वेड! माझं वजन ५८ किलो, होस्टेलवरचं नाव ‘काडी पैलवान’. तेव्हा दुसरी गोष्ट लागणं साहजिकच होतं.

पहिल्याच दिवशी ट्रेनरने मास गेनरचा भला मोठा डबा पुढे केला. किंमत? बाबा महिन्याला पाठवतात त्यातले निम्मे पैसे! मी डबा फिरवून मागचं लेबल वाचलं. १०० ग्रॅम पावडरीत प्रोटीन फक्त १५ ग्रॅम, बाकी बहुतेक कार्बोहायड्रेट. अहो, आपल्या मेसच्या कणकेतसुद्धा १०० ग्रॅमला १० ग्रॅम असतं!

मग व्हे म्हणजे काय? दूध नासल्यावर उरतं ते पाणी. माझी आई ते कणकेत घालते. कंपन्या गाळून, वाळवून डब्यात भरतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन असतं. आयसोलेटमध्ये ९० च्या आसपास आणि लॅक्टोज अगदी कमी. पण दूध पचत असेल तर महागडं आयसोलेट हवंय कशाला?

आता गणित. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन भरपूर झालं. म्हणजे मला ९३. मेसचं जेवण आणि दूध मिळून अंदाजे ४५, चार अंड्यांचे २४. उरले २४, म्हणजे एक स्कूप. ५० ग्रॅम सोयाच्या वड्यांतही तेवढं मिळतं, पण होस्टेलवर शेगडीला बंदी! (रेक्टर सर, वाचताय ना?)

यात एक गोम आहे. लॅबमध्ये नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात आणि प्रोटीन काढतात. स्वस्त ग्लायसीन मिसळलं की आकडा आपोआप फुगतो. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात बहुतेकांच्या लेबलवरचा आकडा खोटा ठरला. म्हणून घटकांच्या यादीत ग्लायसीन, टॉरीन दिसलं की डबा खाली ठेवायचा. आणि किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर!

मी एक किलोचं साधं कॉन्सन्ट्रेट घेतलं. महिनाभर पुरतं, बाबांच्या पैशांनाही फार कात्री लागत नाही. मेसच्या काकांनी आठवड्यातून दोनदा सोयाची भाजी केली तर तेही कमी लागेल.

माझा कोल्हापूरचा रूममेट मात्र हसतो. म्हणतो, “आमच्या तालमीत थंडाई पितात, पण आधी जोर-बैठका मारतात, गड्या!” खरंय. शेक कुठलाही घ्या, घाम आपल्यालाच गाळायचाय!