डेलकोच्या टोपीखाली

जुन्या मोटारीची डागडुजी आणि जुन्या ग्रंथाचे संपादन यांत साम्य आहे, असे कोणी म्हटले तर आमचे सहव्यवसायी त्याला अलंकार समजतील. आम्हां दोघांना मात्र, एक जळगावला आणि एक धुळ्याला मराठी शिकवणारे, हे साम्य प्रत्यक्ष हाताळावे लागले. निमित्त झाले १९६०च्या दशकातील एका फियाट ११००चे. ती आमच्या दिवंगत सरांची. सरांनी आम्हांला पाठचिकित्सा शिकवली, आणि सुट्ट्यांत याच गाडीतून हौशी रॅलींत भागही घेतला. ते गेल्यावर काकूंनी किल्ली आमच्या हाती देताना एवढेच सांगितले, "उभी ठेवू नका रे. चालती ठेवा."

खानदेशाचा आणि रॅलीचा काय संबंध, असे कोणी विचारील. १९६८च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीला निघालेल्या मॅरेथॉनमध्ये ९८ गाड्या होत्या. दिल्ली ते मुंबई हा तिचा टप्पा आग्रा, इंदूर या मार्गाने, म्हणजे आमच्या धुळ्याच्या आग्रा रोडने उतरला. मुंबईहून गाड्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि अखेर अँड्र्यू कोवन व त्याच्या साथीदारांची साधी हिलमन हंटर जिंकली. वेगवान गाड्या मागे पडल्या, टिकणारी पुढे गेली. सर हे उदाहरण वर्गातही देत, बहुधा शैलीविषयी बोलताना.

आता मुद्द्याचे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या यंत्राला छापील मराठीत काहीही म्हणोत, गॅरेजमध्ये त्याला डेलकोच म्हणतात. त्याच्या काळ्या टोपीखाली रोटर फिरतो आणि त्याच्या खाली पॉइंट उघडमीट करतात. पॉइंट उघडले की कॉईलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या इंजिनाला मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. हे सारे पॉइंटमधल्या अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतरावर अवलंबून असते. पॉइंट झिजतात, अंतर बदलते, टायमिंग सरकते. त्यात खानदेशातला मे महिना. कंडेन्सर तापून बसला की गाडी जागच्या जागी मरते. गेल्या उन्हाळ्यात ती लळिंगच्या घाटात, रात्री, मागून कंटेनर येत असताना मेली. काकू मागच्या आसनावर होत्या.

त्यानंतर आमच्यात वाद सुरू झाला. हल्ली पॉइंटच्या जागी चुंबक आणि सेन्सर बसवता येतो. टोपी जुनीच राहते, बाहेर फार तर एखादी जादा तार दिसते. संपूर्ण डेलकोही मिळतो, दिसायला पन्नास वर्षांपूर्वीचा, आत इलेक्ट्रॉनिक, आणि इंजिनाच्या फेऱ्या ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देण्याची सोयही त्यातच. जळगावकर म्हणाले, हाच घ्यावा. माणसे बसतात त्या गाडीत. धुळेकर म्हणाले, मग ती सरांची गाडी कशी? ती सरांच्या गाडीसारखी दिसणारी गाडी होईल.

मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांनी तिसराच पर्याय काढला. फेऱ्यांना लगाम घालण्याचा जुना उपाय रोटरमध्येच असे. लोटसच्या ट्विन कॅम इंजिनात तो असायचा. रोटरवर स्प्रिंगने धरलेले एक लहान वजन असते. मर्यादेपुढे वेग गेला की ते बाहेर फेकले जाते आणि ठिणगी प्लगकडे न जाता दांड्यात उतरते. गिअर चुकून न्यूट्रलला पडला आणि इंजिन किंचाळू लागले, तर व्हॉल्व्ह वाचतात. मात्र मिस्त्रींनी बजावले, "उतारावर चौथ्यातून दुसऱ्यात टाकाल तर हा काही करणार नाही. तिथं इंजिन चाकं फिरवतात. ठिणगी बंद करता येते सर, घाट बंद करता येत नाही."

आम्ही विचारले, हा रोटर आणि तो सेन्सर दोन्ही एकाच डेलकोत बसवले तर? त्यांनी मान हलवली. हजारो व्होल्टची ठिणगी ज्या दांड्यात उतरवायची, त्याच्याच शेजारी नाजूक सेन्सर ठेवायचा नाही.

त्या नकारात आम्हांला सरांचा तास ऐकू आला. दोन पोथ्यांचे पाठ एकत्र करून तिसराच पाठ घडवू नये, कारण तो कोणत्याच काळात कोणी वाचलेला नसतो. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. १९०९मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून आपली प्रत छापली, आणि तिच्या अस्सलपणावर पुढे वाद झाले. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७पासून येथेच आहे. तेथे बसून सरांनी आम्हांला सांगितले होते की बदल करणे हा दोष नव्हे. एकनाथांनी केलेला बदल आपण त्यांच्या नावाने ओळखतो, म्हणून त्याची चर्चा करता येते. ज्याला नाव नाही आणि साल नाही, अशा बदलाने वाचक फसतो.

म्हणून आम्ही दोन डेलको केले. एक मूळचा, पॉइंट आणि वजनाच्या रोटरसह. तो जुन्या गाड्यांच्या मेळ्यासाठी आणि दिवसाउजेडी गावाजवळ फिरण्यासाठी. दुसरा जुन्या चेहऱ्याचा, आतून इलेक्ट्रॉनिक. तो रात्रीसाठी, घाटासाठी आणि पारोळा–एरंडोलमार्गे जळगावला जाताना काकू सोबत असतील तेव्हासाठी. हातमोज्यांच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. तीत कोणता डेलको कधी बसवला, टायमिंग किती ठेवले, कोणी ठेवले, हे तारखेनिशी लिहिले जाते. मेळ्यातील तपासनिसाने विचारण्याआधी ती त्याच्या हाती द्यायची, असे ठरले आहे.

या तोडग्याचा एक लाभ आम्ही योजलेला नव्हता. मूळचा डेलको वापरात राहिल्यामुळे पॉइंटचे अंतर लावणारा हातही लागणारच. मिस्त्रींची नजर आता मंदावली आहे. त्यांचा नातू अभियांत्रिकीला आहे. तो शनिवारी येतो, फिलर गेजची पाती मोजतो आणि आजोबा केवळ आवाज ऐकून "अजून थोडं" म्हणतात. ते "थोडं" किती, हे वहीत लिहिता येत नाही. पाती सरकवताना तो नातू मात्र ते हळूहळू शिकतो आहे.