पोट-पाय

शेंदूरजनाघाट म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा संत्रं येतं. दुसऱ्यांदाही संत्रंच येतं. तिसऱ्यांदा, माणूस फारच जाणकार असला तर, संत्र्याचं कलम येतं. समुद्र मात्र कुणाच्याच डोळ्यांपुढं येत नाही. येण्याचं कारणही नाही. उत्तरेला सातपुडा आडवा पडलेला, त्याच्या पलीकडं मध्य प्रदेश. मुंबईचा समुद्र रस्त्यानं सातशेहून जास्त किलोमीटर, आणि बंगालचा उपसागर म्हणाल तर तोही काही विरजण मागायला वाटी घेऊन जावं इतका शेजारी नाही. आमच्या वरूड तालुक्यात समुद्र येतो तो वाळून येतो. बाजारात पोत्यावर सुकट, सोडे आणि बोंबील मांडून बसलेली बाई, हीच आमची चौपाटी. ओल्या मासोळीची फारच हुक्की आली तर मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे. तिथली रोहू-कतला खावी आणि समुद्राला लांबूनच नमस्कार करावा.

अशा गावात, अशा घरात, 'क्रीमी सीफूड पॉट पाय विथ चीझी बिस्किट टॉपिंग' हा पदार्थ करायचं ठरलं. एवढं लांब नाव आमच्याकडं फक्त लग्नपत्रिकेत छापतात.

याचं मूळ आमच्या सूनबाईत. सूनबाई वेंगुर्ल्याची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायला आली होती. पदवी घेऊन परत जायचं सोडून आमच्या चिरंजीवांचा हात धरून शेंदूरजन्यात आली. पोरगी गुणी. तिला आल्या दिवसापासून काहीही वाढा, 'छान झालंय' म्हणायची. पाटवड्यांचा रस्सा छान, वरण-बिट्टी छान, चूनभाकर छान. एकदा आमच्या हिच्या हातून भाजीत मीठच पडलं नव्हतं, तीही छान. रात्री आईशी फोनवर मालवणीत बोलायची, तिथंही तेच: "होय गे, बरी आसय." घरात सगळे खूश. मला मात्र काळजी वाटायला लागली. प्रत्येक ताटाला छान म्हणतो तो माणूस घरचा नसतो, पाहुणा असतो. घरचा माणूस पहिल्या घासाला म्हणतो, "आज मीठ कुठं गेलं?" लग्नाला आठ महिने झाले तरी आमची सून पाहुणीच होती.

मग कधीतरी तिच्या बोस्टनच्या मावशीचा फोन आला. मावशीही मूळची वेंगुर्ल्याचीच. बोस्टनला समुद्र आहे, पण सुरमई-बांगडा नाही. तेव्हा तिनं तिकडच्या माशांशी आणि तिकडच्या पदार्थांशी जमवून घेतलं होतं. त्यातला एक हा पॉट पाय. कृती ऐकताना सूनबाईचा चेहरा असा उजळला की चिरंजीवांनी तिथंच जाहीर केलं, "आपण करून पाहू."

आमच्या मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या, माळकरी. कान मात्र तिला नको तिथं तीक्ष्ण आहेत. "काय करून रायले म्हणे? पोट-पाय?" तिनं पलंगावरून विचारलं. "माहे तं दोन्हीबी दुखतात बाप्पा. औषध होय का ते?"

औषध नव्हे, हे तिला समजावता समजावता मलाही पदार्थ समजत गेला. 'पाय' म्हणजे पिठाच्या आवरणात कोंडलेलं सारण. आपल्या करंजीची परदेशी दिलेली थोराड बहीण. 'पॉट पाय' म्हणजे सारण गंजातच ठेवायचं, वरून पिठाचं झाकण घालायचं आणि सगळं प्रकरण भट्टीत भाजायचं. इंग्रज लोक माशाच्या पायवर उकडलेला बटाटा कुस्करून थापतात. अमेरिकेत कधी पिठाची पोळी पसरतात, कधी बिस्किटं.

बिस्किटं म्हटल्यावर आमच्या हिनं तत्परतेनं ग्लुकोजचे दोन पुडे काढून ठेवले. पण अमेरिकेतलं बिस्किट चहात बुडवायचं नसतं. ते मैदा, ताक, सोडा आणि लोणी घालून केलेलं, पावासारखं मऊ आणि पापुद्रे सुटणारं असतं. आता गंमत पाहा. बिस्किट या शब्दाचा मुळातला अर्थ 'दोनदा भाजलेलं'. जुन्या काळी गलबतांवर टिकावीत म्हणून ती दोनदा भाजून दगडासारखी करत. अमेरिकन बिस्किट एकदाच भाजतात आणि नाव मात्र खुशाल लावतात. दोन वेळा शिजण्याच्या अटीवर निकाल द्यायचा झाला, तर जगातलं अस्सल बिस्किट म्हणजे आमची बिट्टी: आधी उकडायची, मग तळायची. हे मी जेवताना मांडलं. सूनबाई म्हणाली, "छान."

पहिली अडचण जागेची. मातोश्रींच्या स्वयंपाकघरात मासोळी चढत नाही. घरात मटण-मासोळी करायची ती वाडीत, तीही पुरुषांनी, असा जुना रिवाज. दुसरी अडचण भट्टीची. मावशीनं सांगितलं होतं, ४०० डिग्री. मी दचकलो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर गेला की वर्तमानपत्रात फोटो येतो. ते फॅरनहाइटमधलं निघालं, म्हणजे आपले २०० सेल्सियस. तरीही २०० आणायचे कुठून? तेव्हा आमची ही म्हणाली, "त्यात काय? रोडगे भाजतो तितकीच धग ना!" गोवऱ्यांचे निखारे खाली, झाकणावर निखारे, मधे गंज. रोडग्यांसाठी शेकडो वर्षं चाललेली भट्टी आमच्याकडं तयारच होती, फक्त तिला आकड्यांत कुणी मोजलं नव्हतं.

चिरंजीव नागपूरहून बर्फात घालून किलोभर माल घेऊन आले आणि डबा उघडताच भाषेचा प्रश्न उभा राहिला. पुड्यावर 'प्रॉन्स' लिहिलेलं, मावशी त्याला 'श्रिंप' म्हणत होती, चिरंजीव मुंबईकरांसारखं 'कोळंबी' म्हणाले, सूनबाईच्या तोंडून हळूच 'सुंगटां' निघालं. मातोश्रींनी लांबूनच नजर टाकली. "हे आपले झिंगेच होय नं? मंग याईले येवढ्या थंडीत कायले ठेवलं?"

खरा खटका उडाला तो दुधावर. या पदार्थाचा रस्सा लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालून करतात. दूध हा शब्द ऐकताच मातोश्री उठून बसली. "मासोळी अन् दूध? कोड फुटते!" तिच्या बाजूनं चरकसंहिता आहे; विरुद्ध आहाराच्या यादीत मासे आणि दूध ही जोडी तिथं बसवलेली आहे. माझ्या बाजूनं डॉक्टर आहेत. कोडात शरीराची संरक्षणयंत्रणा कातडीला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते, त्याचा मासे-दुधाशी संबंध नाही, असं ते सांगतात. आणि संबंध असता तर दुधात मासे शिजवणारा सारा युरोप एव्हाना ठिपक्या-ठिपक्यांचा झाला असता. हे सगळं मी मातोश्रींना सविस्तर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "डाक्टरचं काय, तो सांगाचे पैसे घेते. मी फुकट सांगून रायली."

तिढा सूनबाईनं सोडवला. "आजी, नारळाचं दूध चालेल?" मातोश्रींनी विचार केला. नारळ काही गाय नव्हे. "चालते," ती म्हणाली. एका वाक्यात बोस्टनचा रस्सा वेंगुर्ल्याला पोचला. मग झाकणातल्या चीजचा प्रश्न आला. तेही दुधाचंच. त्यावर निकाल मिळाला, "ते वरतं आहे, आतमधी नाही." उच्च न्यायालयातसुद्धा इतका सुटसुटीत निकाल मिळायचा नाही.

जानेवारीचा महिना. वाडीत कलमं बांधण्याचं काम चाललं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंभेरीचं रोप वाढवायचं. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला चीर पाडून त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. तीनेक आठवड्यांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला तर लागला. काळा पडला तर गेला. डोळा मेला की खालची जंभेरी स्वतःच फुटते आणि आंबट, जाड सालीची फळं देते. आमच्या कुंपणाला असं एक झाड आहे. त्याचं कुणी काही घेत नाही. सूनबाईनं त्या दिवशी जाऊन त्याची दोन फळं तोडली, वास घेतला आणि झिंग्यांवर पिळली. वेंगुर्लं म्हणजे काजूच्या कलमांचं गाव, तिथल्या फळ संशोधन केंद्राच्या जाती कोकणभर लागलेल्या. तेव्हा जंभेरीची किंमत तिला कुणी शिकवायला नको होती. आणि खरं बोलायचं तर कलमांच्या गावात मूळचं असतंच कोण? काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळवलेलं आमचं नागपुरी संत्रंसुद्धा रघुजी भोसल्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेहून आणलेलं, असं सांगतात.

तर चूल पेटली. सूनबाईनं तेलात मैदा मंद परतला, गाठी होऊ न देता नारळाचं पातळ दूध थोडं-थोडं ओतलं, गाजर-वाटाणे घातले. झिंगे अगदी शेवटी. झिंगा अर्ध्या चंद्रासारखा वाकला की झाला. पूर्ण वाटोळा होईपर्यंत थांबलात तर रबर चघळावं लागतं. दाट दूध सगळ्यांत शेवटी घालून गंज लगेच उतरवला, कारण ते उकळलं की फाटतं. पुरुषांनीच करायचं हा रिवाज त्या दिवशी कुणाला आठवला नाही. मला गोवऱ्या फुंकायचं काम दिलं होतं. रिवाजाची अब्रू तेवढ्यावर राखली गेली.

झाकणाचं पीठ मात्र आमच्या हिनं हाती घेतलं. रोडग्याचं जाडसर पीठ, निम्मा मैदा, सोडा, ताक, गार लोण्याचे तुकडे, किसलेलं चीज. पस्तीस वर्षांच्या सवयीनं तिनं बाह्या सारल्या आणि पिठाला मुठी द्यायला सुरुवात केली. तोच सूनबाईनं तिचं मनगट धरलं. "आई, नको! मळू नका!"

वाडीत एकदम शांतता. सूनबाईही दचकली. मग एका दमात सांगून गेली, की हे पीठ नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट होतं, आणि लोण्याचे तुकडे अख्खे राहिले तरच वाफेनं पापुद्रे सुटतात. आमची ही काही न बोलता बाजूला झाली आणि माझ्यापाशी येऊन बसली. मी निखाऱ्यांत डोकं घातलं. ही माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, ऐकलंत? मला नको म्हणाली!"

"मग?" मी भीतभीत विचारलं.

"मग काय? बोलली बाई एकदाची!"

गंज दोन झाले. एकात झिंगे, दुसऱ्यात मातोश्रींसाठी आमच्या हिनं केलेली वांग्याची भाजी. झाकण दोहोंवर एकच. वीस-पंचवीस मिनिटांनी झाकणावरचे निखारे सारले तेव्हा गोळे फुगून सोनेरी झाले होते, कडेनं रस्सा बुडबुडत होता आणि आंब्याखाली बसलेल्या कलमं बांधणाऱ्या गड्यांनी आपणहून हात धुतले होते. मातोश्रींनी आपल्या गंजातला तुकडा मोडला, बोळक्या तोंडात घोळवला. "रोडगाच होय. फक्त वाफेनं गर्व चढला त्याले."

झिंग्याचा गंज पाच मिनिटांत साफ झाला. सूनबाईनं मग वांग्याच्या गंजातलं थोडं वाढून घेतलं, घास घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "आई, वांग्यात तिखट जरा जास्तच झालंय हं."

आमच्या हिनं भाजीला नाव ठेवलेलं पस्तीस वर्षांत मी एकदा ऐकवून पाहिलं आहे. त्या रात्री मी बाहेरच्या खाटेवर झोपलो होतो. सूनबाईला मात्र ती म्हणाली, "असू दे, पुढच्या वेळेला तू घाल." आणि तिच्या पानात आणखी एक बिस्किट वाढलं.

त्यानंतर पोरीचं तोंड सुटलं ते सुटलंच. आता पाटवड्या जाड होतात, बिट्टीला तूप कमी पडतं, आणि माझं घोरणं तर वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू जातं. रात्रीच्या फोनवर "बरी आसय" आता शेवटी येतं. आधी अर्धा तास आमची गाऱ्हाणी असतात. घरात कसं भरल्यासारखं वाटतं.

बोस्टनच्या मावशीला आमची सुधारलेली कृती पाठवली. तिला पटली, एकच अडचण कळवली, की तिकडं गोवऱ्या कुठून आणाव्यात? तशी सोय अमेरिकेत अगदीच नाही असं नाही. २०१९ साली न्यू जर्सीतल्या एका दुकानात गोवऱ्या विकायला ठेवल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती, आणि पाकिटावर 'खाण्यासाठी नाही' अशी सूचना छापलेली होती. हे मी मातोश्रींना वाचून दाखवलं. तिनं बराच वेळ विचार केला.

"बरं केलं लिहिलं ते," ती म्हणाली. "बिस्किट कशाले म्हणते हेही ज्याईले समजत नाही, त्याईचा काय भरोसा?"