दोन चिमटी सोडा

पदार्थ पहिल्यांदा बिघडला तर माणूस हसून सोडून देतो. दुसऱ्यांदा बिघडला की रव्याला, दह्याला, हवेला दोष देतो. तिसऱ्यांदा बिघडल्यावर मात्र त्याला स्वतःकडे पाहावे लागते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझा रव्याचा केक लागोपाठ तीनदा बसला. तिसऱ्या खेपेला नातीने तुकडा हातात घेऊन, उलटासुलटा करून, मोठ्या प्रेमाने विचारले, "आजी, ही वडी आहे ना?"

तिची चूक नव्हती. पणजीच्या केकच्या गोष्टी मीच तिला सांगितल्या होत्या आणि वाढदिवसाला 'तोच केक' करण्याचे वचनही मीच दिले होते. माझ्यापाशी आईची वही होती. निळ्या शाईत, आईच्या गोल अक्षरात लिहिलेले होते : 'सोपा केक. बारीक रवा २ वाट्या, साखर दीड वाटी, दही १ वाटी, तूप अर्धी वाटी, दूध लागेल तसे, सोडा दोन चिमटी.' याहून सोपे ते काय असणार?

आई हा केक वाळूत भाजत असे. आमच्या पुण्यातल्या बिऱ्हाडात भट्टी कुठली असायला! कोळशाची शेगडी होती आणि एक जुने, बूड काळे झालेले पातेले होते. त्यात चार बोटे चाळलेली वाळू. वाळू चांगली तापली की तिच्यावर ॲल्युमिनियमचा डबा ठेवायचा, पातेल्यावर जाड झाकण घालायचे आणि झाकणावर निखारे. वाळू उशिरा तापते, पण एकदा तापली की धग धरून ठेवते आणि सगळीकडून सारखी देते. त्यामुळे बूड जळत नाही. वरच्या निखाऱ्यांनी माथा तांबूस होतो. आई विणायची सुई खुपसून पाही. सुई कोरडी निघाली की केक झाला. ती सुई ओली निघे की कोरडी, यावर आम्हा भावंडांचे श्वास टांगलेले असत.

आमची आजी राजापूरकडची, सोवळ्याची. केक म्हटल्यावर तिने आधी कपाळाला आठ्या घातल्या. अंडे नाही, नुसते दही आहे, हे तिला तीनदा सांगावे लागले. मग एक तुकडा तोंडात टाकून ती म्हणाली, "अगो, हे तर आमचे धोंडस!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. कोकणात मोठ्या पिकल्या तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे एकत्र शिजवून, खाली-वर निखारे ठेवून धोंडस भाजतातच. आमच्या आयांनी केक साहेबाकडून घेतला असे आपण समजतो. पण झाकणावर निखारे ठेवायला त्यांना कुणा साहेबाने शिकवले नव्हते.

१९६५ सालचा माझा दहावा वाढदिवस मला आठवतो. युद्ध नुकतेच थांबले होते, धान्याची टंचाई होती आणि सोमवारी रात्रीचे जेवण सोडा, असे लालबहादुर शास्त्रींनी देशाला सांगितले होते. आमच्या घरी ते कसोशीने पाळले जाई. नेमका वाढदिवस सोमवारी आला. मी रडवेली झाले. आई म्हणाली, "रात्रीचं जेवण सोडायचं आहे; दुपारचा चहा कुणी सोडायला सांगितलाय?" महिनाभर तिने रेशनच्या साखरेतून थोडी थोडी बाजूला काढली होती, हे मला फार पुढे कळले. दुपारी चार वाजता वाड्यातली बारा मुले माजघरात बसली. दोन वाट्या रव्याचा केक तो केवढा! आईने त्याचे सोळा तुकडे केले. एकेक तुकडा, मूठभर चिवडा आणि कोकमाचे सरबत. त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही आणि कुणाला भूकही लागली नाही, अशी माझी समजूत आहे.

हे सगळे मला इतके स्पष्ट आठवत होते, आणि केक मात्र बसत होता.

तिसऱ्या केकनंतर मी कागद घेऊन हिशेब करायला बसले. एकाच वाटीने सारे मोजले तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहते, असे मी धरून चालले होते. ते खरेही होते, पण रवा, साखर, दही आणि तूप एवढ्यांपुरतेच. सोडा वाटीत मोजायचा नव्हता. तो चिमटीत होता. वाटी मोठी झाली म्हणून चिमटी मोठी होत नाही. माझी स्टीलची वाटी आईच्या पितळी वाटीहून मोठी असली, तर माझ्या केकला सोडा कमीच पडणार. तेव्हा आईची वाटी केवढी होती, हे कळल्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि ती वाटी होती वहिनीकडे.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आई २००९ साली गेली. दिवस झाल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी करायला आम्ही बसलो. दागिन्यांवरून एक शब्द झाला नाही. मी ती वाटी मागितली. वहिनी म्हणाली, "ती राहू दे, रोजची आहे." मला तो शब्द लागला. रोजची आहे म्हणूनच तर मला हवी होती! मी काहीतरी बोलले, तीही बोलली. एका वाटीसाठी माणसे एवढे बोलतात, हे मी दुसऱ्या कुणाच्या घरी ऐकले असते तर मला खरे वाटले नसते. निघताना मी फडताळातली वही कुणाला न विचारता पिशवीत घातली. पुढे दादा दोन भाऊबिजांना एकटाच आला. मग तोही येईनासा झाला.

मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले होते. पलीकडून वहिनीचाच आवाज आला. मी कुशल विचारले नाही, धीरच झाला नाही. एकदम म्हटले, "वहिनी, आईच्या वाटीत पाणी किती मावतं, तेवढं बघून सांगाल का?"

क्षणभर काही ऐकू आले नाही. मग भांड्याचा आवाज, नळाचा आवाज. वहिनी मोठ्याने मोजत होती. "चहाच्या चमच्याने तीस," ती म्हणाली. मी माझ्या वाटीत मोजले, बेचाळीस चमचे.

"केक करताय ना, वन्सं?" तिने विचारले. "बसला असेल."

मी हो म्हटले.

"नुसती वाटी पाहून जमायचं नाही. आई चिमटी लिहायच्या, पण त्यांची चिमटी तीन बोटांची असे. अंगठा आणि दोन बोटं. आणि रवा दह्यात तासभर भिजू द्या. सोडा अगदी शेवटी घाला, वाळू तापल्यावर. घालून ठेवलात तर सगळा दम आधीच निघून जातो."

वहीत यातले एक अक्षरही नव्हते. आईने ते लिहिले नाही, कारण तिच्या मते ते लिहिण्यासारखे नव्हतेच. तीन बोटे म्हणजे चिमटी, हे कुणी का लिहील? वहिनी पस्तीस वर्षे तिच्या शेजारी उभी राहिली होती. तिला ते विचारावेही लागले नव्हते. मी मात्र माहेरी चार दिवस पाहुणी म्हणून जाणारी. केक खाल्ला आणि वही उचलून आणली. आईचा स्वयंपाक आपल्यापाशी आहे, अशा घमेंडीत मी इतकी वर्षे काढली.

त्या दिवशी केक फुलला. अगदी आईसारखा झाला असे म्हणणार नाही. माझ्याकडे विजेची भट्टी आहे आणि तिला वाळूची माया नाही. पण नातीने दुसरा तुकडा मागितला आणि वडीचा विषय काढला नाही.

भाऊबिजेला दादा आणि वहिनी आली. वहिनीने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. काठाला तोच पोचा होता. आम्ही दोघींनी तिने रवा मोजला, आणि वहीत 'दोन चिमटी'च्या पुढे मी तिच्याच हातून 'तीन बोटांच्या' असे लिहून घेतले.

संध्याकाळी निघताना वहिनीने वाटी धुतली, पुसली आणि परत पिशवीत घातली.

"भात मोजायला लागते, वन्सं," ती म्हणाली. "रोजची आहे."

या वेळी मला तो शब्द लागला नाही.