वाशीमचे सूक्ष्म पतंग

कारंजा (लाड)

चि. भाच्यास,


पंख पसरल्यावर साधारण दोन सेंटीमीटरच्या आत मावणाऱ्या पतंगांना सूक्ष्म पतंग म्हणतात. नाव केवळ सोयीचे आहे, कारण त्याच कुळांत याहून मोठे पतंगही असतात. वाशीम जिल्ह्यात त्यांतले मोजकेच ओळखीचे आहेत, आणि तेही नुकसानीमुळे: कपाशीची गुलाबी बोंडअळी, तुरीच्या शेंगांवरचा पिसारी पतंग, संत्र्याच्या कोवळ्या पानात चंदेरी नागमोडी वाट कोरणारी नागअळी. कपाशीत कामगंध सापळे लावतात. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग आले, की उपाय करायची वेळ झाली असे धरतात. म्हणजे एका सूक्ष्म पतंगाची मोजणी शेतात होतच असते. बाभूळ, बोर, पळस आणि गवतावर वाढणाऱ्या पतंगांची मोजणी करायची गरज मात्र कुणाला पडत नाही.

हे दुर्लक्ष जुने आहे. हॅम्पसन यांचे भारतातील पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले आणि पायरॅलिडी कुळापाशी थांबले. त्या कुळातल्यांहून लहान पतंगांचे काम पुढे बरेचसे एडवर्ड मेरिक यांनी केले. ते इंग्लंडात मार्लबरोच्या शाळेत शिक्षक होते. बिहारातल्या पुसा येथून बेनब्रिज फ्लेचर त्यांना नमुने पाठवत. मेरिक यांनी हजारो जातींची वर्णने लिहिली, पण जननेंद्रियांच्या तपासणीवर त्यांचा विश्वास नव्हता. पंखांच्या शिरा आणि रंग यांवरच त्यांची भिस्त होती. आज ओळख पटवताना नेमकी तीच अडचण येते. गेलेकिडी कुळातले कितीतरी करडे-तपकिरी पतंग वरून सारखेच दिसतात. पोटाचा शेवटचा भाग दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करून मऊ केला आणि आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हाच फरक कळतो. अशा पतंगांची केवळ मोबाइलच्या फोटोवरून केलेली नोंद कुळापर्यंतच ठेवावी. जातीचे नाव देण्याचा मोह घातक आहे.

‘दुर्मीळ’ हा शब्द त्याहून जपून वापरावा लागतो. ब्रिटनमध्ये दहा किलोमीटर बाजूच्या १६ ते १०० चौकोनांतच आढळणारी जात विरळ मानतात. त्या आकड्याला अर्थ आहे, कारण उरलेल्या चौकोनांतही कुणीतरी पतंगांसाठी दिवा लावून बसलेले असते. वाशीममध्ये तो शेरा सर्वांत शेवटी यावा. आधी रिकाम्या रात्रीही वहीत लिहाव्यात: दिवा किती वेळ होता, चांदणे होते का, वारा कसा होता, पाऊस केव्हा थांबला. एक पतंग एकदाच दिसला याचा अर्थ वीस कोऱ्या रात्रींशेजारी वेगळा होतो आणि दोन रात्रींशेजारी वेगळा.

पांढरी चादर आणि अतिनील दिवा ही नेहमीची पद्धत. तरी या कामात दिव्यापेक्षा झाडाचा भरवसा जास्त. दिव्यावर आलेला पतंग कुठून आला ते कळत नाही. पानाच्या पापुद्र्याखाली सापडलेली अळी आपले झाड सांगते. पान डबीत ठेवून पतंग बाहेर येईपर्यंत सांभाळले, की एकाच नोंदीत जात, झाड आणि हंगाम तिन्ही मिळतात. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याचे गवताळ रान आणि काटेपूर्णा अभयारण्याचे सागाचे जंगल ही दोन अगदी वेगळी ठिकाणे जिल्ह्याला लाभली आहेत. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय दिवा लावू नये, नमुनाही उचलू नये. भोवतालचे बांध आणि नाल्याकाठ आधी पाहावेत. तिथेच काम पुष्कळ आहे.

ठेवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या टाचणीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पद्धत आणि झाड लिहिलेली चिठ्ठी हवी. नुसते ‘कारंजा’ पुरत नाही, वर्धा जिल्ह्यातही कारंजा (घाडगे) आहे. जुन्या संग्रहांत शोध घेताना उलटी काळजी घ्यावी लागते. १९०५ पर्यंत बासिम हा स्वतंत्र जिल्हा होता, मग त्याचा बराचसा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम म्हणून पुन्हा वेगळा झाला. म्हणून इथला नमुना ‘बासिम’ किंवा ‘अकोला’ अशा चिठ्ठीखालीही असू शकतो.

कळावे,
मामा