झुंबराचे सोने

मोखाडा तालुक्यातील पोशेरा गावी आम्ही एक मुक्काम केला. डोंगरउतारावर नाचणी-वरईची शेते, कारवीच्या कुडाची घरे. या मुलखात उन्हाळ्याच्या तोंडी बोहाड्याची सोंगे निघतात. पूर्वी ती मशालींच्या उजेडात नाचत. कोणता मुखवटा कोणत्या घराण्याने नाचवावयाचा हे परंपरेने ठरलेले असते, आणि गावास ते तोंडपाठ असते.

पुढे जव्हारास मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहिला, तेव्हा आमच्या मंडळींस त्याच नावाच्या ग्वाल्हेरच्या राजवाड्याची आठवण होणे साहजिकच होते. तो जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली सर मायकेल फिलोज यांच्याकडून बांधविला. त्याच्या दरबार हॉलात दोन प्रचंड झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन. छतास हा भार पेलेल की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविले होते, असे तेथे रंगवून सांगतात. हत्तींची कथा सर्वांस ठाऊक आहे. घडविणाऱ्या हातांविषयी मात्र कोणी विचारीत नाही.

झुंबरांचे हे वेड आपल्या संस्थानिकांस विलायतेकडून लागले. ब्रायटन येथील राजवाड्यातील भोजनगृहात तीस फूट उंचीचे, सुमारे एक टन वजनाचे ड्रॅगनचे झुंबर आहे. ते अंगावर कोसळेल या धास्तीने राणी ॲडलेड यांच्या काळी ते उतरवून ठेवले होते! परंतु खरी भीती झुंबराखाली बसणारांस नव्हती, ते सोनेरी करणारांस होती.

कारण ब्राँझवरील जुना मुलामा पाऱ्याने चढत असे. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा गोळा करीत, तो ब्रशाने धातूवर चोपडीत आणि वस्तू विस्तवावर धरीत. पारा वाफ होऊन उडे, सोने मागे राही. मग घोटणीने घासून त्यास झळाळी आणीत. ती वाफ कारागिराच्या छातीत जाई. हातास कंप, हिरड्यांस व्रण, दात पडणे, बुद्धिभ्रंश, हे त्या धंद्याचे वेतन. बर्मिंगहॅमजवळील सोहो कारखान्यात जेम्स वॉटचे भागीदार मॅथ्यू बोल्टन हेच काम करवीत. तिसऱ्या जॉर्ज राजाने त्यांच्या मुलाम्याच्या फुलदाण्या घेतल्या. बड्या इंग्रज घरांतून पॅरिसचा मालही पुष्कळ जाई.

त्या पॅरिसातलाच एक धनी आम्हांस विशेष वाटतो. आंत्वान आंद्रे राव्रियो हा स्वतः ब्राँझकाम करविणारा. तो १८१४ साली वारला, तेव्हा मुलामा देणारांस पाऱ्यापासून वाचविण्याची युक्ती शोधणारासाठी त्याने मृत्युपत्रात तीन हजार फ्रँक ठेविले. हे बक्षीस १८१८ मध्ये दार्से नामक रसायनशास्त्रज्ञास मिळाले. त्याची युक्ती साधी होती: भट्टीवर मोठे धुराडे, आणि निराळ्या विस्तवाने त्यात जोराचा ओढा निर्माण करून वाफ वर खेचून न्यावयाची. यात रसायनाहून चुलीचे शहाणपण अधिक. स्वयंपाकघरात धूर सोसलेल्या आमच्या भगिनींस ते चटकन उमजेल.

पुढे १८४० साली बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढविण्याचे पेटंट घेतले, आणि पारा हळूहळू मागे पडला. त्या नव्या कुंडांत सायनाइडचे क्षार असत.