मावशींनी दाखवलेली पांढर

घोड नदीच्या खोऱ्यातल्या प्राचीन वस्त्यांच्या आमच्या नकाशावर खुरपणीला जाणाऱ्या एका मावशींचं नाव नाही. ते ऋण इथं तरी लिहून ठेवतो.

इनामगाव याच खोऱ्यातलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांच्या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं 1968 ते 1983 उत्खनन केलं आणि इ.स.पू. 1600 ते 700 मधल्या शेतकऱ्यांची घरं, धान्याची पेवं, अगदी पाण्याचा पाटही उजेडात आला. आसपास आणखी कोण नांदत होतं, हे आम्हाला शोधायचं होतं. जुन्या वस्तीच्या जागेची राखट, फिकट माती म्हणजे पांढर; म्हणून उपग्रहचित्रात काळ्या रानातला भुरकट डाग दिसला की खूण करायची. कोरोना या अमेरिकी हेर-उपग्रहांची 1960 ते 1972 मधली छायाचित्रं 1995 मध्ये खुली झाली. रानं सपाट होण्याआधीची जमीन पाहायला ती फार मोलाची. पण वीटभट्टी, उघडा मुरूम, हेही वरून तसेच दिसतात. म्हणून पायी हिंडायचं, खापरं वेचायची.

एका डागावर इनामगावच्याच काळातली, जोर्वे म्हणतात त्या प्रकारची खापरं सापडली. तांबडी, काळ्या रेघांची, टिचकी मारली की खणखणणारी. नोंद करत होतो, तोच बांधावरून मावशी म्हणाल्या, "बाबा, ती खापरं हितली न्हाईत. सासऱ्यानं पांढरीची माती गाडीनं आणून टाकली व्हती, खत म्हणून."

मूळ पांढर त्यांनीच दाखवली. वर ऊस उभा, चित्रात काहीच नाही; नदीकाठच्या दरडीत मात्र राखेचे थर आणि चोपलेली जमीन स्पष्ट दिसत होती. मग कुणाच्या वावरात कुठली माती गेली, ते त्या शिवारभर हिंडून सांगत राहिल्या. त्या नसत्या तर एका वस्तीच्या चार झाल्या असत्या, आणि लोकसंख्येचा सगळा हिशेब त्यावरच उभा राहिला असता. इतकी नेमकी माहिती कुठल्याही उपग्रहाकडे नाही.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. "ती माणसं खात काय व्हती?" एवढंच विचारलं. जव, मसूर, कुळीथ, मी म्हणालो. कुळीथ ऐकून त्यांचा चेहरा फुलला. त्या अजून पेरत होत्या.

आता पांढरी जेसीबीनं उचलल्या जातात. तुमच्या रानात अशी खापरं निघाली तर माती हलवण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा, कुठली माती कुठून आली ते.