डोंगरावरून निरोप येईपर्यंत

टांझानियातल्या महालेच्या रानात रस्ता नाही. किगोमाहून टांगानिका सरोवराच्या काठाकाठाने बोटीने यायचं, तळावर सामान टाकायचं आणि डोंगरावरून येणाऱ्या निरोपाची वाट पाहायची. वाटाडे पहाटेच रानात शिरलेत. चिंपांझींची टोळी सापडली, तर वॉकीटॉकी वाजेल.

समोरचं पाणी समुद्रासारखं अफाट, पण गोडं. लाटा आहेत, खारा वारा नाही. येताना गावागावांत वाळूवर डगा नावाची बारीक मासळी सुकत घातलेली दिसली. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावरचा जवळाच जणू. पाठीमागे २४६२ मीटर उंचीचा न्कुंग्वे ढगांत बुडालाय. त्याच्या उतारावर कुठेतरी चिंपांझी आत्ता एकमेकांचे केस निवडत असतील. इथल्या चिंपांझींची त्यातही एक रीत आहे: दोघं समोरासमोर बसतात, एकेक हात उंच करून एकमेकांत धरतात आणि मोकळ्या हाताने निवडत राहतात. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी ती इथे टिपली. याच सरोवराच्या उत्तरेकडच्या गोम्बेच्या रानातल्या चिंपांझींत ती त्यांना दिसली नव्हती. शेजारच्या रानांतही चालीरीती वेगळ्या! हे वाचलं तेव्हापासून मला इथे यायचं होतं.

१९६५ मध्ये क्योटो विद्यापीठाचे तोशिसादा निशिदा इथे काम करू लागले. ऊस, केळी ठेवून चिंपांझींची भीड मोडली गेली. १९८७ मध्ये ते खाऊ घालणं बंद झालं, आणि हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आता त्यांना भेटायचं तर माणसानेच डोंगर चढायचा. त्याआधी, १९८५ मध्ये, इथे राष्ट्रीय उद्यान झालं. टोंग्वे लोकांना मात्र आपली वडिलोपार्जित भूमी सोडावी लागली. या निवांत किनाऱ्याची किंमत त्यांनी मोजली आहे.

भेट मिळाली तर ती तासाभराची, अंतर राखून, तोंडाला मास्क लावून. २००६ मध्ये इथल्या टोळीत फ्लूसारखी साथ आली, काही चिंपांझी दगावले. आजारी चिंपांझींच्या नमुन्यांत माणसांतल्या विषाणूशी जवळचं नातं असलेला विषाणू सापडला.

आमच्यातल्या एका बाईंना रात्रीपासून खोकला आहे. सकाळी त्यांनी स्वतःच वाटाड्यांना सांगितलं आणि तळावर थांबायचं ठरवलं. इतक्या लांब येऊन! मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटला. तुम्ही कधी इथे आलात आणि नेमका त्याच दिवशी घसा खवखवू लागला, तर कृपा करून ते लपवू नका. मागे थांबा.